आज उपदेश कशावर होता?

लखनऊला आल्यापासून दर रविवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास बाबांचा फोन येतो. माझे वडील निवृत्त पाळक, म्हणजे पाद्री. नगर जिल्ह्यात चाळीस वर्षं त्यांनी मंडळ्या सांभाळल्या, आता माझ्या भावाकडे राहतात. जेवण झालं का, नात काय म्हणते, जावयांची तब्येत कशी आहे, हे सगळं विचारून झालं की शेवटी ठरलेला प्रश्न येतो.

"आज उपदेश कशावर होता?"

जवळजवळ दोन वर्षं मी या प्रश्नाची धडधडीत खोटी उत्तरं दिली. कारण उपदेश ऐकायला मी गेलेलीच नसायचे.

देवाशी माझं काही भांडण झालं नव्हतं. घरात कुणी दगावलं नव्हतं, मनात मोठी शंका उठली नव्हती. तसं काही झालं असतं तर आज सांगायला तरी जरा भारदस्त वाटलं असतं. माझी श्रद्धा पातळ झाली ती डेलियाच्या फुलांमुळे.

बँकेच्या बदलीने आम्ही इथे आलो आणि इंदिरा नगरात भाड्याने घर घेतलं. पहिली दोन वर्षं नेमाने चर्चला गेलो. तिथे सगळं हिंदीत. आमच्याकडे एकमेकांना "सलाम" म्हणतात, इथे "जय मसीह की." उपासनेला आराधना म्हणतात. पण माणसं चांगली होती आणि आम्ही रुळलो. मग शाखेतल्या एका सहकाऱ्याने मला डेलियाची चार रोपं दिली. आमच्या घराला वर मोठी गच्ची होती आणि तिथे घरमालकांच्या पाण्याच्या टाकीशिवाय काही नव्हतं. त्या थंडीत माझ्या गच्चीवर ताटाएवढी फुलं उमलली, आणि मी गेले कामातून.

पुढच्या वर्षी चारच्या चाळीस कुंड्या झाल्या. कॉलनीतल्या बागकाम करणाऱ्यांचा मोबाइलवर एक ग्रुप होता, त्यात मला घेतलं. ही मंडळी रविवारी सकाळीच भेटत. कधी नर्सरीत, कधी कुणाच्या गच्चीवर, आणि शेवटी खस्ता कचौरी आणि जिलेबी. एक रविवार बुडाला. दुसऱ्या रविवारी गेले, पण मन शेणखतात. मग दोन रविवार बुडाले. फूल-प्रदर्शनात मला तिसरं बक्षीस मिळालं आणि त्यानंतर तर रविवार सकाळ देवाची असते हे आमच्या घरात कुणाला आठवेनासंच झालं. नवऱ्याला झोप मिळाली, तो खूश. नववीतली मुलगी म्हणाली, "थैंक गॉड, संडे को अब सोने मिलेगा," आणि यात काही विनोद आहे हे तिच्या लक्षातही आलं नाही.

सकाळची प्रार्थनाही गेली. डोळे उघडले की हात मोबाइलकडे; रात्रीतून कुणाची कळी फुटली ते बघायला. जेवणाआधीची प्रार्थना नवरा एका श्वासात उरकायचा. आमेन म्हणेपर्यंत त्याने पोळी मोडलेली असायची.

राहता राहिले बाबा. ऐंशी ओलांडलेल्या माणसाला दुखवायचं कशाला, म्हणून मी उपदेश रचायला लागले. रविवारी दुपारी कुंड्यांना पाणी घालताना वचन निवडायचं, तीन मुद्दे काढायचे. बाबांना तीन मुद्दे लागतात, दोन असले तर त्यांना उपदेश अर्धवट वाटतो. पाळकाची मुलगी असल्याने हे मला बऱ्यापैकी जमायचं. एकदा तर ते म्हणाले, "तुमचे पाद्रीसाहेब अभ्यासू दिसतात." बिचाऱ्या पाद्रीसाहेबांना आपली नगरपर्यंत कीर्ती झाल्याचा पत्ता नव्हता.

मग भाद्रपदातला एक रविवार आला. लखनऊची ती चिकचिकीत उमस, त्यात रोपांना कीड लागलेली, दिवसभर फवारणी करून मी दमले होते. सहा वाजले, फोन वाजला आणि माझ्याजवळ उपदेश तयार नव्हता. मी आठवेल ते सांगायला सुरुवात केली. म्हटलं, पाद्रीसाहेबांनी आज छान दाखला दिला. तरुणपणी ते स्कूटरवरून एका गावी निघाले होते. वाटेत चेन निसटली. ते पाय मारतायत मारतायत, पण गाडी जागची हलत नाही. तसंच आपल्या भक्तीचं होतं, सगळं फिरत असतं, पण माणूस पुढे जात नाही.

मग बाबा शांतपणे म्हणाले, "स्कूटरला चेन नसते, बाळ."

माझ्या हातातला फोन गरम झाल्यासारखा वाटला.

"ती सायकल होती," बाबा म्हणाले. "मी राहुरीकडे निघालो होतो. हा उपदेश मी तू पाचवीत असताना केला होता. तू पहिल्या बाकावर पेंगत होतीस, असं मला वाटलं होतं. ऐकत होतीस म्हणजे."

त्यांनी रागवावं असं वाटत होतं, म्हणजे मला रडता तरी आलं असतं. पण त्यांनी विषयच बदलला.

"तुझं एक काम आहे. तुमच्याकडे महानगर म्हणून भाग आहे ना? तिथे आपल्या इकडच्या एक सिस्टर राहतात. तुझ्या आईच्या वर्गमैत्रीण. नर्स होऊन तिकडे गेल्या त्या तिकडच्याच झाल्या. त्यांना दिसेनासं झालंय. त्यांच्याकडे मराठी शास्त्र आहे आणि वाचून दाखवायला कोणी नाही. तू आठवड्यातून एकदा जाऊन वाच. पत्ता पाठवतो."

नाही म्हणायला माझ्याकडे तोंड नव्हतं.

पुढच्या शनिवारी बँकेतून निघून मी स्कूटरने महानगरला गेले. कपूरथला बाजाराच्या मागे जुन्या बैठ्या घरांची गल्ली होती. दार उघडलं एका ठेंगण्या, ताठ बाईने. पांढरीशुभ्र सुती साडी, केसांचा घट्ट अंबाडा, आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदूचा दुधाळ पडदा. तिने माझा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला.

"नाक आईचं आहे," ती म्हणाली. "आओ, अंदर आओ. मराठी बोलते ना तू? हमारी तो आधी भूल गयी."

त्या मावशींचं मराठी म्हणजे एक गंमत होती. पन्नास वर्षं न वापरता पेटीत ठेवलेलं नगरी मराठी, त्याला लखनवी हिंदीची घडी. "अगं, हमने चहा टाकला आहे, जरा बघ ना उकळला का," असं त्या म्हणत. स्वतःला 'हम' म्हणायची इथली रीत त्यांच्या मराठीतही शिरली होती. लग्न केलं नव्हतं. एका इस्पितळात मेट्रन म्हणून निवृत्त झाल्या होत्या आणि गल्लीतले सगळे त्यांना अजून सिस्टरच म्हणत.

त्यांचं शास्त्र, म्हणजे बायबल, काळ्या कापडात बांधलेलं होतं. पानं पिवळी, कडा झिजलेल्या. मी बँकेतला अर्ज वाचावा तसं भराभर वाचायला लागले. एक अध्याय आटपावा आणि निघावं, सहा वाजता ग्रुपमधल्या एकीच्या घरी कलमं बघायला जायचं होतं.

"थांब," मावशी म्हणाल्या. "ट्रेन छूट रही है क्या? तू एक ओळ गाळलीस."

मी पुन्हा पाहिलं. खरंच गाळली होती.

"मावशी, तुम्हाला पाठ आहे, मग वाचायला कशाला हवं?"

"पाठ असणं वेगळं आणि कुणी वाचून दाखवणं वेगळं. गाणं पाठ असतं म्हणून कोणी ऐकायचं सोडतं का? पुन्हा वाच. हळू."

मी हळू वाचलं. कलमं बघायला त्या दिवशी जाणं झालं नाही.

त्यानंतर दर शनिवारी मी जात राहिले. सुरुवातीला ही शिक्षा आहे असंच मी धरून चालले होते. पण मावशींकडे जायला मजा येऊ लागली. त्या मध्येच मला थांबवत आणि वाचलेल्या गोष्टीतल्या माणसांबद्दल शेजाऱ्यांबद्दल बोलावं तसं बोलत. छप्पर उकलून आजारी माणसाला खाली सोडतात ती गोष्ट वाचली तेव्हा त्यांनी विचारलं, "त्या घरमालकाचं काय झालं असेल गं? छत कुणी दुरुस्त केलं?" मी लहानपणापासून ती गोष्ट शंभरदा ऐकली होती, घरमालकाचा विचार कधी आला नव्हता. आम्ही दोघी पोट धरून हसलो. मग त्या गंभीर होऊन म्हणाल्या, "पण चार माणसं होती त्याला उचलायला. आमच्या वॉर्डात कित्येकांना एकही नसायचा."

एका शनिवारी पुनरुत्थानानंतरचा तो भाग आला. शिष्य रात्रभर जाळी टाकून रिकाम्या हाताने परत येतात आणि पहाटे किनाऱ्यावर प्रभू विस्तव पेटवून बसलेला असतो. भाकर आहे, मासळी भाजतेय, आणि तो त्यांना न्याहारीला बोलावतो. मी वाचत होते आणि न्याहारीच्या त्या ओळीवर थांबले. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच थांबले.

"काय झालं?" मावशींनी विचारलं.

"काही नाही."

"हे सगळे त्याला सोडून पळाले होते," मावशी म्हणाल्या. "एकाने तर तीनदा सांगितलं, मी त्याला ओळखत नाही. आणि प्रभूने काय केलं? पहिल्यांदा खाऊ घातलं. जाब नंतर विचारला, आणि जाब तरी काय, माझ्यावर प्रेम आहे का एवढंच. हम वॉर्ड में नई लड़कियों को यही कहते थे. घाबरलेल्या माणसाला आधी चहा द्या, फॉर्म नंतर भरा."

मी त्यांना सगळं सांगून टाकलं. डेलिया, कचौरी, खोटे उपदेश, स्कूटरची चेन. चेनवर त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला आणि मला पाणी आणायला धावावं लागलं. पाणी पिऊन त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "बापाला सांगितलंस का?"

घरी जाऊन मी फोन लावला. तो शनिवार होता, बाबांना वाटलं काही वाईट बातमी. मी म्हटलं, "बाबा, मी दोन वर्षं चर्चला गेले नाही. तुम्हाला सांगितलेले उपदेश सगळे माझे होते."

"सगळे तुझे कसे?" बाबा म्हणाले. "तीन-चार माझे होते." आणि वर, "उरलेले मात्र चांगले होते. दुसरा मुद्दा नेहमी जरा कच्चा राहायचा."

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"गेल्या मार्गशीर्षात तू मला सांगितलंस की पाद्रीसाहेब पाऊण तास बोलले आणि कुणी उठलं नाही. तेव्हापासून."

मी हसत होते आणि रडत होते. नवरा आतून बाहेर आला, माझ्याकडे बघितलं आणि काही न विचारता चहा टाकायला गेला.

दिवाळीनंतर मावशींच्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरली. खरं तर ती दोन वर्षांपूर्वीच व्हायला हवी होती. त्या टाळत होत्या. हजारो रुग्णांना धीर देऊन आत ढकलणारी ही बाई स्वतः मात्र टेबलावर झोपायला घाबरत होती, आणि हे त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं. मला कळलं ते त्या दिवशी सकाळी. मी रजा घेऊन सोबत गेले होते. हिरवा गाऊन, डोक्याला टोपी, डोळ्यात थेंब घातलेले, आणि हात बर्फासारखे गार.

"मावशी, पंधरा मिनिटांचं काम आहे. डॉक्टर म्हणालेत ना?"

"हम भी सबको यही कहते थे," त्या म्हणाल्या. "पंधरा मिनिटं. कुणाला खरं वाटत असेल का, देव जाणे." मग माझं मनगट घट्ट धरून म्हणाल्या, "प्रार्थना कर."

"मी? इथे?"

"अजून कुठे? मोठ्याने कर. मला दिसत नाही, ऐकू येतं."

बाकावर आणखी पाच-सहा माणसं बसली होती. एक आजोबा टोपीखालून माझ्याकडे बघत होते. मी डोळे मिटले. बाबांच्या प्रार्थनेतली मोठमोठी वाक्यं लहानपणापासून माझ्या कानात होती, एरवी झोपेतसुद्धा म्हटली असती. त्यातलं एकही तोंडाशी येईना. दोन वर्षांत मी देवाशी एक शब्द बोलले नव्हते आणि आता बोलायचं तर सुरुवात कुठून करू? शेवटी मी म्हटलं, "प्रभू, मावशींना भीती वाटतेय. मलाही वाटतेय. तू आत जा त्यांच्याबरोबर. मी इथे बाहेर बसते. आमेन."

बस, एवढंच. मला लाज वाटली. पण मावशींनी मनगट सोडलं, हातावर थोपटलं आणि परिचारिकेला म्हणाल्या, "चलो." त्या गेल्यावर ते आजोबा माझ्याकडे वळले. "बिटिया, हमारे लिए भी कह दो. हमारा नंबर तीसरा है." मी त्यांच्यासाठीही केली. या वेळी चार वाक्यं जास्त सुचली.

बाहेर बसून राहिले तेव्हा मला जाणवलं की मी अजून बोलतेच आहे. मावशींबद्दल बोलून झालं होतं. मुलीबद्दल, बाबांच्या वयाबद्दल, माझ्या खोटेपणाबद्दल, सगळं मनातल्या मनात सांगत होते. पलीकडे कुणीतरी ऐकतंय याची इतकी स्वच्छ खात्री मला लहानपणानंतर कधी वाटली नव्हती. उजेड पडला नाही, आवाज आला नाही. भिंतीवरचा पंखा कुरकुरत होता, एवढंच. पण खूप दिवसांनी माहेरी गेलं की उंबऱ्यातच खांदे आपोआप खाली येतात ना, तसं मला झालं.

एक डोळा त्या महिन्यात झाला, दुसरा काही आठवड्यांनी. पट्टी काढल्यानंतरच्या शनिवारी मी गेले तेव्हा मावशी दारातच उभ्या होत्या. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाल्या, "अरे! तुझे केस तर माझ्यापेक्षा जास्त पिकलेत. आणि हा चिकनकारीचा कुर्ता चौक बाजारातला ना? टाका कच्चा आहे, फसवलं तुला." मग मोठा चष्मा नाकावर चढवून शास्त्र उघडलं आणि अडखळत, पण स्वतःच्या डोळ्यांनी, अर्धं पान वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर पुस्तक मिटलं.

"आता तुझी सुट्टी," त्या म्हणाल्या. "मला दिसतंय. शनिवारी यायची गरज नाही."

मला सुटका वाटायला हवी होती. त्याऐवजी कुणीतरी हातातलं ताट काढून घ्यावं तसं वाटलं. माझा चेहरा पडलेला त्यांना आता दिसत होता, हीच तर पंचाईत.

"मला यायचंय," मी म्हटलं.

"मग रविवारी ये. नऊ वाजता. मला चर्चला घेऊन चल, तुझ्या स्कूटरवर."

त्या रविवारी मी घरात जाहीर केलं. मुलीने पांघरुणातून डोकं काढलं. "मम्मी, सच में? आज?" मी म्हटलं, तुम्ही झोपा, कुणावर सक्ती नाही. कुंड्यांना पाणी घालून मी निघाले. मावशी स्कूटरवर एका अंगाला बसल्या आणि निशातगंजचा पूल येईपर्यंत रस्त्यावरची प्रत्येक पाटी मोठ्याने वाचत राहिल्या. दवाखाना, मिठाई, शिकवणी, वकील. दोन वर्षं न दिसलेली सगळी अक्षरं त्यांना एका सकाळीच वाचून काढायची होती.

चर्चच्या दारात मी मावशींना पुढे केलं. लोक काय विचारतील, कुठे होतात इतके दिवस? एक बाई समोरून आल्या, "जय मसीह की" म्हणाल्या आणि माझ्या हातात गीतांचं पुस्तक ठेवलं, जणू मी गेल्या रविवारीच आले होते. त्या दिवशीचा उपदेश अगदी रटाळ होता. मुद्दे पाच होते आणि एकही धड पोचला नाही. पण गाण्याची वेळ आली तेव्हा मावशींनी हिंदी गीत तारस्वरात मराठी चालीवर सुरू केलं, पुढच्या दोन रांगा वळून बघू लागल्या, आणि मी त्यांना थांबवण्याऐवजी त्यांच्याच चालीत सामील झाले. पेटीवाल्याने आमच्याकडे एक हताश नजर टाकली आणि वाजवत राहिला.

नवरा तिसऱ्या रविवारी आपणहून आला. मुलगी नाताळाच्या नाटकात काम मिळतंय म्हटल्यावर आली. तिचं कारण काही का असेना. माझं तरी सुरुवातीचं कारण कुठे शुद्ध होतं? मी तर पकडली गेले म्हणून गेले होते.

सगळं एकदम जागेवर आलं असं मात्र नाही. काही सकाळी अजूनही हात आधी मोबाइलकडे जातो. काही रविवारी उपदेश चालू असताना माझ्या डोक्यात मातीचं मिश्रण शिजत असतं. फरक एवढाच की आता मी ते देवाला सांगते. म्हणते, बघ, पुन्हा गच्चीवर गेले. आणि परत येते.

नाताळाच्या आदल्या शनिवारी चर्चच्या अंगणात बायका गोळा झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसाठी तहरी करायची होती, आणि तहरी म्हणजे तांदळापेक्षा मटार जास्त. उन्हात सतरंजी पसरलेली, मध्ये मटारचा डोंगर. कुणीतरी सरकून मला जागा दिली. माझ्या बाजूला एक नवी मुलगी बसली होती, कानपूरहून लग्न होऊन आलेली, कुणाला ओळखत नव्हती. शेंगा सोलता सोलता तिने हळूच विचारलं, "दीदी, आप यहाँ कब से हैं?"

मला हिशेब लावता येईना. बदलीपासून धरू, की मावशींबरोबर आले त्या रविवारपासून?

"नयी ही हूँ," मी म्हटलं. ती खूश झाली आणि तिच्या पदरातल्या शेंगा अर्ध्या माझ्या पदरात टाकल्या.